एचेवेरिया मूळचे कुठले? जरा लांबलचक उत्तर

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा परत मांडते, काही चुकलं तर दुरुस्त करा. नवरा चिलीचा, आडनाव एचेवेरिया. सासरी हॉलमध्ये ढाल, सिंह वगैरे असलेलं घराण्याचं चिन्ह फ्रेम करून लावलंय आणि घरात सगळे सांगतात की आपण स्पेनमधल्या एका मोठ्या सरदार घराण्यातले. आता तुम्ही दोघं माद्रिदला राहताय, ऑफिसमध्ये उरुग्वेची एक एत्चेवेरी बाई भेटली, वर कुठेतरी वाचलं की गोव्याच्या सेंट झेवियरचं नावही मुळात हेच. तेव्हा मूळ गाव कुठलं, हे सगळे एकमेकांचे कोण, शोधायचं तर सुरुवात कुठून करायची, आणि डीएनए टेस्टचा उपयोग होईल का.

मी स्पॅनिश कागदपत्रांची भाषांतरं करते. बाप्तिस्म्याच्या नोंदी, लग्नाचे दाखले, जुने वाटणीपत्रं, असले कागद बरीच वर्षं हाताखालून जातायत आणि त्यात बास्क आडनावं सारखी येतात. त्या अनुभवावरून सांगते की तुम्ही आडनावाचं मूळ विचारताय पण तुम्हाला हवंय कुटुंबाचं मूळ. आडनावाचं मूळ मी इथे बसल्या बसल्या सांगू शकते, कुटुंबाचं मात्र कागद बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही, आणि कोणी पैसे घेऊन सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

तर आडनाव. हे स्पेनमधलं आहे पण स्पॅनिश भाषेतलं नाही, बास्क भाषेतलं आहे. स्पेनच्या उत्तरेला समुद्राकाठी बिस्काय, गिपुस्कोआ, त्यांच्या खाली आलावा आणि नवारा, आणि डोंगरापलीकडे फ्रान्समधला थोडा पट्टा, हा बास्क लोकांचा मुलूख. ह्यांच्या भाषेचं स्पॅनिश-फ्रेंचशी काही नातं नाही, जगातल्या कुठल्याच भाषेशी ते सिद्ध झालेलं नाही. तिच्यात एत्शे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं, शेवटचा आ म्हणजे 'ते' अमुक एक. एत्शेबेरिया, ते नवं घर. स्पॅनिश लिहिणाऱ्यांनी आपल्या पद्धतीने त्याचं एचेवेरिया केलं (स्पॅनिशमध्ये व आणि ब चा उच्चार एकच, म्हणून जुन्या कागदात दोन्ही अक्षरं सर्रास सापडतात). आपल्याकडे नवघरे आडनावाचे लोक आहेत ना, तसंच हे. आणि दोन गावचे नवघरे भेटले म्हणून आपण लगेच त्यांना भाऊबंद धरत नाही.

आता हे घराचं नाव माणसाला का चिकटलं हे समजलं की अर्धा प्रश्न सुटतो. बास्क ग्रामीण भागात घर हीच मुख्य गोष्ट होती. डोंगरउतारावर सुटी सुटी शेतघरं, प्रत्येकाला नाव, त्या घराची जमीन, चर्चमध्ये बसायची जागा, पुरायची जागा, सगळं घराला जोडलेलं. माणसं यायची जायची, घराचं नाव तेच राहायचं. आणि जो त्या घरात राहील त्याला लोक त्या घराच्या नावाने ओळखायचे, मग तो घरजावई म्हणून आलेला असला तरी. फ्रान्सच्या बाजूला ही पद्धत अगदी अठराव्या शतकापर्यंत दिसते. म्हणजे बापाचं नाव एक आणि मुलाचं आडनाव आईच्या घराचं, असं कागदात दिसलं तर दचकू नका, ते चुकून झालेलं नसतं.

आणि नवं घर हे नाव किती सहज पडेल बघा. जुनं जळालं, शेजारी नवं बांधलं. धाकट्याने वेगळा संसार थाटला. ओसाड जागी कोणी नवीन शेतघर उभारलं. प्रत्येक खोऱ्यात, जवळजवळ प्रत्येक गावात एक तरी नवं घर असणारच, आणि मग ते पाचशे वर्षं जुनं झालं तरी नाव नवं घरच. त्यामुळे हे आडनाव एका ठिकाणी जन्माला येऊन पसरलेलं नाही, असंख्य ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालेलं आहे. सगळी रूपं एकत्र धरली तर बास्क आडनावांमध्ये सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांपैकी एक. ह्याचेच भाईबंद बघायचे तर एचेगाराय म्हणजे वरच्या बाजूचं घर (१९०४ चं साहित्याचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं ते होसे एचेगाराय), गोयेनेचे म्हणजे सगळ्यात वरचं घर, एलिसाल्दे म्हणजे चर्चशेजारचे. जुन्या घराचे लोकही आहेत, एचेसारेता.

मग काहीच सांगता येत नाही का? येतं, थोडंसं, स्पेलिंगवरून. बास्क बोलींमध्ये पश्चिमेकडे, म्हणजे मुख्यतः बिस्कायमध्ये, 'बेरी'चं 'बारी' होतं. म्हणून एचेवारिया, एचावारिया ही रूपं बहुतेक पश्चिमेकडची, आणि बेरीवाली एचेवेरिया गिपुस्कोआ-नवाराकडची. बिल्बाओला लागून एत्शेबारी नावाचं गाव आहे, त्याच प्रांतात पुढे एत्शेबारिया नावाचं दुसरं गाव आहे. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे, कारण माणूस बिस्कायमधून निघाला आणि चिलीतल्या सांतियागोच्या पाद्रीने त्याला सवयीची 'बेरी' लावली असं होऊ शकतं, एकाच माणसाच्या बाप्तिस्म्यात एक रूप आणि लग्नात दुसरं हे तर मी नेहमी बघते. सुरुवातीचा ए गळून चावारी आणि चावारिया झालं. फ्रान्सच्या बाजूला तेच टी-सी-एच लावून एत्चेवेरी, आणि फ्रेंच 'द' त्यालाच चिकटला की देत्चेवेरी. कॅनडाच्या किनाऱ्याजवळ सेंट पिएर आणि मिकेलाँ नावाची फ्रान्सची चिमुकली बेटं आहेत, कॉड माशांच्या मागे गेलेल्या बास्क लोकांमुळे तिथे हे देत्चेवेरी आजही आहेत.

तुमची उरुग्वेची सहकारी ह्याच हिशेबात बसते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बास्क भागातून खूप लोक जहाजाने माँतेविदेओ आणि ब्युनोस आयर्सला गेले, फ्रेंच कागदांवरचं स्पेलिंग घेऊन. म्हणून अर्जेंटिना-उरुग्वेकडे एत्चेवेरी वाय लावून लिहिलेलं भरपूर सापडतं. बोलिव्हियाचा फुटबॉलवाला मार्को एत्चेवेरी आठवत असेल, १९९४ च्या वर्ल्डकपमध्ये मैदानात उतरल्यावर काही मिनिटांतच रेड कार्ड मिळालेला, ते आडनावही ह्याच फ्रेंच वळणाचं. तेव्हा तुमची ती बाई आणि तुमचा नवरा ह्यांच्या आडनावाचा अर्थ एक, नातं असण्याची शक्यता फार कमी.

आता झेवियर. हो, वाचलंत ते बरोबर आहे. नवाराच्या पूर्व टोकाला सांग्वेसाजवळ खाव्येर नावाचं गाव आणि किल्ला आहे, त्याचं नाव ह्याच एत्शेबेरीपासून आलं, सुरुवातीचा ए गेला आणि स्थानिक रोमान्स (म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या) बोलीच्या तोंडी बेरीचं व्येर झालं. तिथे १५०६ मध्ये फ्रान्सिस जन्मला. गंमत अशी की त्याच्या वडिलांचं आडनाव खाव्येर नव्हतंच, ते हुआन दे खास्सो. आई मारिया दे आस्पिल्कुएता, किल्ला तिच्या माहेरचा. थोरल्या भावांनी आईचं आस्पिल्कुएता लावलं आणि हा धाकटा घराच्या नावाने खाव्येर झाला. एका आईबापाची पोरं, आडनावं वेगळी, आणि त्या काळात कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. म्हणून मी नेहमी सांगते की सोळाव्या शतकाआधी आडनावाच्या दोऱ्याने मागे जाता येत नाही, घराच्या आणि जमिनीच्या कागदानेच जावं लागतं.

फ्रान्सिस ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. 'खाव्येर'मधला पहिला आवाज तेव्हाच्या स्पॅनिशमध्ये 'श' होता, तो नंतर घशातल्या 'ख'कडे गेला म्हणून आजचे स्पॅनिश लोक खाव्येर म्हणतात. पोर्तुगीजांनी 'श' ठेवला आणि त्यांच्याकडून गोव्यात शावियेर आलं. म्हणजे मूळ उच्चाराच्या बाबतीत गोव्यातली म्हातारी माद्रिदच्या प्रोफेसरपेक्षा जवळ आहे, मला हे फार आवडतं. पुढे संत म्हणून त्याची ख्याती झाल्यावर गावाचं नाव जगभर पोरांचं पहिलं नाव बनलं आणि गोवा, केरळ, तमिळनाडूमध्ये काही घरांचं आडनावही. अर्थात त्यांचा बास्क रक्ताशी संबंध नाही. सासरी सांगा हवं तर की तुमच्या आडनावाची एक फांदी आमच्याकडे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या बोर्डावर १८६९ पासून आहे.

पसरलं कसं, हे पण घरावरच येतं. बास्क शेतघर वाटलं जायचं नाही. एका मुलाला किंवा मुलीला अख्खं घर, बाकीच्यांनी थोडे पैसे घ्यायचे आणि बाहेर पडायचं: चर्च, समुद्र नाहीतर अमेरिका. म्हणून संख्येने छोटा समाज असून लॅटिन अमेरिकेत ह्यांची आडनावं इतकी जागोजाग. जाणारे आधीच गेलेल्या मामा-काकाकडे जायचे, त्यामुळे एकेका खोऱ्यातली माणसं एकेका शहरात गोळा झालेली दिसतात. १७२८ मध्ये गिपुस्कोआच्या व्यापाऱ्यांची काराकास कंपनी निघाली, व्हेनेझुएलाच्या कोकोचा व्यापार तिच्या हातात, तिच्या जहाजांवरून कारकून-खलाशी तिकडे गेले. चिलीत अठराव्या शतकात बास्क व्यापाऱ्यांची लाटच आली, त्यांनी तिथल्या जुन्या जमीनदार घरांत लग्नं केली आणि एरासुरिस, लार्राईन, एइसागिरे ही आडनावं तिथल्या वरच्या वर्गाची ओळख झाली. तुमच्या सासरची सरदारकीची गोष्ट बहुधा ह्या वातावरणातून आलेली आहे.

मेक्सिकोत अध्यक्ष लुईस एचेवेरिया (१९७० ते १९७६), अर्जेंटिनात कवी एस्तेबान एचेवेरिया, ज्यांच्या नावाचा ब्युनोस आयर्सच्या बाजूला अख्खा तालुका आहे, क्यूबात १९५७ मध्ये मारला गेलेला विद्यार्थी पुढारी होसे आंतोनियो एचेवेरिया. कोलंबियाच्या आंतिओकिया भागात मात्र शेवटचा आ नसलेलं एचेवेरी आणि पश्चिमी वळणाचं एचावारिया ही दोन्ही ठळक, मेदेयीनची कोल्तेहेर कापड गिरणी १९०७ मध्ये काढली ती आलेहांद्रो एचावारिया यांनी. कोस्टारिकाकडे चावारिया इतकं रुळलंय की लोकांना ते बास्क आहे हे सांगावं लागतं. अमेरिकेत आयडाहो-नेवाडाला मेंढपाळ म्हणून गेलेले बास्क आहेत, त्यांच्यातही.

फिलिपिन्सचं मात्र वेगळं. तिथे १८४९ मध्ये गव्हर्नर क्लावेरियाने हुकूम काढला की सगळ्यांनी आडनाव घ्यायचं, आणि त्यासाठी आडनावांची छापील यादी गावोगाव पाठवली. काही ठिकाणी एका गावाला एकाच अक्षराची पानं गेली, आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात म्हणूनच आर ची आडनावं जिकडेतिकडे. तेव्हा फिलिपिनो माणसाचं आडनाव बास्क दिसलं तरी त्यावरून पूर्वज बास्क होते असं धरता येत नाही.

स्पेनमध्ये आज कुठे किती आहेत हे तुम्हाला स्वतःला पाच मिनिटांत बघता येईल. राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या साइटवर आडनाव टाकायची सोय आहे, देशभरात निदान वीस जणांचं असेल तर आकडा आणि प्रांतवार नकाशा येतो. पण एकच स्पेलिंग टाकून थांबू नका. एचेवेरिया, एचेवारिया, एत्शेबेरिया, एत्शेबारिया असं प्रत्येक वेगळं टाका, कारण संगणकाला ही वेगळी आडनावं. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीनंतर बऱ्याच कुटुंबांनी स्पेलिंग बास्क पद्धतीचं करून घेतलं, कायद्यात तशी सोय आहे, त्यामुळे सख्ख्या चुलत भावांची स्पेलिंगं वेगळी असू शकतात. आणि राहण्याच्या प्रांतापेक्षा जन्माच्या प्रांताचा नकाशा बघा, माद्रिद-बार्सेलोनात कामाला आलेले सगळेच दिसतात.

भिंतीवरच्या ढालीबद्दल. सासऱ्यांचं मन मोडायचं नाही म्हणून जपून सांगा, पण आडनावाची म्हणून एक ढाल असा प्रकार नसतो. चिन्ह विशिष्ट घराला किंवा वंशाला मिळालेलं असतं. हजार नव्या घरांपैकी एखाद्याच्या दारावर कोरलेली ढाल असेल, दुकानदार ती छापून बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांना विकतो. उलट सरदारकी म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे, फक्त वाटतं तितकं दिमाखदार नाही: १५२६ च्या बिस्कायच्या कायद्यात मूळच्या सगळ्याच रहिवाशांना इदाल्गो म्हणजे कुलीन मानलेलं होतं, गिपुस्कोआतही तसंच झालं. लोहार इदाल्गो, मच्छीमार इदाल्गो. पण बाहेरगावी गेल्यावर हे सिद्ध करावं लागायचं आणि त्यासाठी वय्यादोलिदच्या वरिष्ठ न्यायालयात खटले चालायचे, साक्षीदार येऊन सांगायचे की ह्याचा आजा अमुक घरातला. ते खटले तिथल्या संग्रहात आहेत, त्यांची सूची पारेस नावाच्या सरकारी पोर्टलवर शोधता येते, आणि नशीब असेल तर एका कागदात तीन पिढ्या मिळतात.

इथवरचं थोडक्यात: अर्थ नवं घर, मुलूख बास्क, मूळ गावं असंख्य, स्पेलिंगवरून फक्त दिशा कळते, ढाल सोडून द्या.

आता शोध. पद्धत एकच, आजपासून मागे, आणि उडी मारायची नाही. चिलीत सरकारी नोंदणी १ जानेवारी १८८५ पासून आहे, तिथपर्यंत दाखले मिळायला त्रास नाही. त्याआधी चर्चच्या वह्या, त्यातल्या पुष्कळशा फॅमिलीसर्च ह्या वंशावळीच्या साइटवर फुकट बघता येतात. प्रत्येक पायरीला दुसरं आडनाव म्हणजे आईकडचं लिहून ठेवा. स्पॅनिश जगात बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत हा आपल्यासारख्या शोधणाऱ्यांवर मोठा उपकार आहे. एचेवेरिया हजार सापडतील, पण सोबत एखादं दुर्मिळ आईकडचं आडनाव असेल तर तीच तुमची खरी खूण.

तुम्हाला पकडायचाय तो स्पेनमधून आलेला पहिला माणूस, आणि त्याची सगळ्यात कामाची नोंद लग्नाची. त्यात नावाच्या पुढे 'नातुराल दे' असं येतं, म्हणजे मूळचा, जन्माने कुठला, आणि मग गाव, कधी प्रांत, मग आईबापांची नावं. उदाहरणार्थ 'नातुराल दे ला विया दे बेर्गारा'. जुन्या वहीत हे वाचणं सोपं नाही. आडनावाचा ए नक्षीदार नि मोठा, पुढे सी-एच-ई-बी कसंबसं, आणि शेवटचं रिया नुसतं वर चढवलेल्या बारीक अक्षरात, कारण पाद्रीला शाई आणि वेळ वाचवायचा असतो. गाव बरेचदा ओळीच्या शेवटी तुटून पुढच्या ओळीत जातं. मी आधी त्याच पाद्रीच्या हातची तीन-चार पानं वाचून त्याचं आर आणि व्ही कसं आहे ते डोळ्यात बसवते, मगच गावाच्या नावाला हात घालते.

गाव हाती लागलं की दोकुक्लिक नावाच्या बास्क सरकारच्या साइटवर जा. बिस्काय, गिपुस्कोआ आणि आलावाच्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, मृत्यूच्या नोंदींची सूची तिथे नावाने शोधता येते, दोन्ही आडनावं टाकून. नवारा त्यात नाही, त्यासाठी पाम्प्लोनाच्या धर्मप्रांताच्या संग्रहाला लिहावं लागतं. स्पेनची सरकारी नोंदणी १८७१ पासूनची आहे, त्यामुळे पूर्वज त्यानंतर निघाला असेल तर गावच्या कचेरीतून दाखलाच मागवता येतो.

किती मागे जाता येईल हे सगळं तो कधी आला ह्यावर आहे. अठराव्या शतकातला व्यापारी असेल तर चिलीच्या जुन्या घराण्यांवर आधीच इतकं काम झालंय की तुम्हाला आयता वंशवृक्ष मिळू शकेल (तरी नोंदी पडताळून बघा). १९३९ मध्ये विनिपेग जहाजातून स्पेनच्या यादवी युद्धानंतर वालपाराइसोला उतरलेल्या निर्वासितांपैकी असेल, तर आजोबांच्या कपाटात कागद असतील आणि काम आठवड्यांत होईल. मधला काळ सगळ्यात कटकटीचा, एकोणिसाव्या शतकातला साधा मजूर किंवा दुकानदार, ज्याच्या लग्नात पाद्रीने गावाऐवजी नुसतं 'स्पेनचा' लिहून टाकलंय. तेव्हा भावंडांच्या नोंदी, मुलांच्या बाप्तिस्म्यातले आजी-आजोबा, मृत्युपत्र, असं आजूबाजूने शिरावं लागतं.

डीएनए टेस्टबद्दल विचारलंत. चुलत नातेवाईक शोधायला ठीक, पण आडनाव जुळवायला फार उपयोग नाही, कारण घराचं नाव आईकडूनही गेलंय हे वर सांगितलंच. आणि नागरिकत्वाच्या बाबतीत, आडनाव बास्क आहे ह्यावरून स्पेन काही देत नाही, जे मिळतं ते आईबाप-आजीआजोबांच्या नागरिकत्वाच्या कागदांवर आणि तेव्हाच्या कायद्यावर. मुलाला स्पेनमध्ये दोन आडनावं लागतील, क्रम तुम्ही दोघं ठरवू शकता, २०१७ पासून बापाचं आधी असा आपोआप नियम राहिलेला नाही, फक्त पहिल्या मुलाला जो क्रम लावाल तोच पुढच्यांना लागतो.

आज रात्री सासूबाईंना फोन करून एवढंच विचारा: आजोबांच्या आईचं आडनाव काय, लग्न कुठल्या चर्चमध्ये, आणि घरात लिब्रेता दे फामिलिया म्हणजे कुटुंबाची नोंदवही शिल्लक आहे का. लग्नाची नोंद सापडली आणि गावाचं नाव लागत नसेल तर त्या पानाचा आणि त्याच्या आधीच्या पानाचा असे दोन फोटो टाका, शक्यतो सावली न पडता, मी बघून सांगते.